काडेपेट्या, मेथीची जुडी आणि मायक्रोबिट: मुलांना खेळातून एआय असं दाखवा

बोलणारं अस्वल, हाक मारली की वळून बघणारा रोबो, गृहपाठाची उत्तरं सांगणारी बाहुली. खोक्यावर ठळक अक्षरांत 'एआय' छापलेलं असतं आणि किंमत काही हजारांत. मे महिन्याची सुट्टी जवळ आली की ओळखीचे पालक विचारायला लागतात, यातलं कुठलं घ्यावं? माझं उत्तर ठरलेलं आहे: सुरुवातीला कुठलंच घेऊ नका. पहिल्या काही खेळांना लागणाऱ्या वस्तू घरात, किराणा दुकानात आणि मंडईत मिळतात. मूल त्यात रमलं की मग खर्चाचा विचार करा. तोवर आपल्याला काय हवंय हे मूलच तुम्हाला नेमकं सांगायला लागलेलं असतं.

पाच ते चौदा वयाच्या मुलांचे पालक आणि शिक्षक यांच्यासाठी हे लिहितो आहे. तुम्हाला स्वतःला कोडिंग आलं पाहिजे अशी अट नाही. मुलासोबत जमिनीवर बसायची तयारी मात्र हवी.

खेळणं पारखायचं कसं

खेळणं हातात घेतलं की तीन प्रश्न विचारा. मुलाला या खेळण्याला स्वतः काही शिकवता येतं का? मुद्दाम चुकीचं शिकवता येतं का? आणि चुकीचं शिकवलेलं पुसून परत नीट शिकवता येतं का? तिन्ही उत्तरं 'हो' आली तर त्या खेळण्यातून एआय कळेल. बोलणाऱ्या अस्वलाच्या बाबतीत बहुतेक वेळा तिन्ही उत्तरं 'नाही' अशी येतात. अस्वल बोलतं, मूल ऐकतं, आत काय चाललंय ते बघायला वाटच नाही. त्याच्याशी कितीही खेळलं तरी मुलाच्या मनात एवढंच बसतं की अस्वलाला सगळं येतं. आपल्याला नेमकी हीच समजूत मोडायची आहे.

दुसरा गोंधळ कोडिंगच्या खेळण्यांचा. बाणांची बटणं दाबून चालवायचे छोटे रोबो, ठोकळे जोडून प्रोग्राम करायचे संच ही उत्तम खेळणी आहेत. त्यांची परंपरा १९६७ सालच्या लोगो या भाषेपर्यंत मागं जाते. सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉइरझिग यांनी ती मुलांना डोळ्यांपुढं ठेवून बनवली. पण तिथं नियम मूल सांगतं आणि यंत्र पाळतं: दोन घरं पुढं, मग उजवीकडं. मशीन लर्निंगमध्ये मूल फक्त उदाहरणं देतं आणि त्यातून नियम काढायचं काम यंत्र करतं. तो नियम कधी बरोबर निघतो, कधी भलताच. आजच्या बहुतेक एआयचा पाया हाच आहे, म्हणून खालचे सगळे खेळ 'उदाहरणं द्या आणि काय शिकलं ते तपासा' याच वाटेनं जातात.

दारातल्या चपला: पाच ते सात वर्षं

लहान मुलांना स्क्रीन नको. घरातल्या सगळ्यांची पादत्राणं दारात एका ओळीत मांडा: बाबांची कोल्हापुरी, आजीची रबरी स्लीपर, ताईचे शाळेचे बूट, पावसाळी सँडल, धाकट्याचे चिमुकले बूट. आता मुलानं फक्त 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर येणारे प्रश्न विचारून ती वेगळी करायची. कातड्याची आहे का? हो असेल तर इकडं, नाही तर तिकडं. नाडी आहे का? अंगठा अडकवायला पट्टा आहे का? प्रत्येक ढिगात एकच वस्तू राहीपर्यंत प्रश्न चालू ठेवा आणि ते एका मोठ्या कागदावर फांद्यांसारखे काढत जा.

कागद तयार झाला की शेजारच्या काकूंची एखादी वेगळीच चप्पल मागून आणा आणि कागदावरचे प्रश्न तिला क्रमानं लावा. ती कुठल्या तरी चुकीच्या ढिगात जाऊन पडते, आणि 'ही आजीची आहे' असं कागद बेधडक सांगतो. मूल लगेच ओरडतं की हे चुकलं. मग विचारा, कुठला प्रश्न वाढवला तर ही वेगळी निघेल? प्रश्नांच्या अशा फांद्या ही यंत्रानं निर्णय घेण्याची एक खरी, आजही वापरात असलेली पद्धत आहे. या वयाला एवढं भरपूर झालं.

सहा प्याद्यांचा डाव: सात वर्षांच्या पुढं

माझ्या मते या यादीतला सगळ्यात मोलाचा खेळ हा, म्हणून इथं जरा थांबतो.

डोनाल्ड मिची हे ब्रिटिश शास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या शत्रूचे गुप्त संदेश उलगडणाऱ्या केंद्रात, संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या अ‍ॅलन ट्युरिंग यांच्यासोबत काम करत होते. १९६१ मध्ये त्यांनी ३०४ काडेपेट्या आणि रंगीत मणी यांतून एक यंत्र उभं केलं. ते फुल्ली-गोळा खेळायचं, आणि खेळता खेळता सुधारायचं. नाव दिलं मेनेस. पुढच्याच वर्षी, मार्च १९६२ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात याची छोटी आवृत्ती दिली: हेक्सापॉन, म्हणजे सहा प्याद्यांचा खेळ. त्याला २४ काडेपेट्या पुरतात. घरी करायला हाच घ्या.

सामान: काडेपेट्यांचे दोन-तीन पुडे (काड्या काढून मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा डब्यात ठेवा), चार रंगांचे मणी, स्केचपेन, पुठ्ठा. काडेपेट्या नको असतील तर चहाचे छोटे कागदी कप घ्या. पुठ्ठ्यावर तीन बाय तीन असा नऊ घरांचा चौकोन आखा. मुलाचे तीन चिंचोके खालच्या रांगेत, यंत्राचे तीन शेंगदाणे वरच्या रांगेत.

नियम बुद्धिबळातल्या प्याद्याचेच. सोंगटी एक घर सरळ पुढं जाते, पण समोरचं घर मोकळं असेल तरच. तिरकं पुढं समोरच्याची सोंगटी असेल तर ती मारून तिच्या जागी बसता येतं. जिंकायच्या तीन वाटा: आपली सोंगटी समोरच्या टोकाच्या रांगेत पोचवणं, समोरच्याच्या सगळ्या सोंगट्या मारणं, किंवा समोरच्याला एकही चाल न उरणं. डाव बरोबरीत कधी सुटत नाही. पहिली चाल नेहमी मुलाची, दुसरी यंत्राची. आधी माणसामाणसांत काही डाव खेळून नियम अंगवळणी पडू द्या.

आता यंत्र. गार्डनर यांनी सगळ्या स्थितींची चित्रं आधीच काढून पेट्यांवर चिकटवली होती. मुलांसोबत तसं करू नका, कंटाळा येतो. खेळत खेळत पेट्या बनवा. मुलानं पहिली चाल केली की पटावर जी स्थिती दिसते तिचं चित्र एका पेटीवर काढा. यंत्राला जितक्या चाली शक्य आहेत तितके बाण वेगवेगळ्या रंगांत काढा आणि पेटीत प्रत्येक रंगाचा एक मणी टाका. डोळे मिटून एक मणी उचला. ज्या रंगाचा आला, ती यंत्राची चाल. तो मणी पेटीशेजारीच ठेवा. पुढच्या खेपेला नवी स्थिती आली तर नवी पेटी, तीच आली तर जुनी. डावी-उजवी बाजू उलटी करून सारखी दिसणारी स्थिती एकच धरा. मूल आरसा धरून हे तपासतं, आणि त्या नादात आरशातली सममितीही शिकून जातं.

डाव संपला की यंत्राचा हिशेब करायचा. यंत्र जिंकलं तर बाहेर ठेवलेले सगळे मणी आपापल्या पेटीत परत. हरलं तर त्याच्या शेवटच्या चालीचा मणी कायमचा जप्त, बाकीचे परत. एखादी पेटी पूर्ण रिकामी झाली, तर त्या स्थितीत आलं की यंत्रानं हार मानायची आणि त्याच्या आधीच्या चालीचा मणी जप्त करायचा.

हे आत कसं चालतं ते एका उदाहरणात दिसतं. मुलानं मधला चिंचोका पुढं सरकवला. यंत्रापुढं (आरशातल्या चाली सोडून) दोनच मार्ग आहेत: कडेच्या शेंगदाण्यानं तो चिंचोका मारायचा, किंवा कडेचा शेंगदाणा नुसता पुढं सरकवायचा. समजा लाल मणी आला आणि यंत्रानं शेंगदाणा सरकवला. आता मुलाचा चिंचोका दुसऱ्या कडेचा शेंगदाणा तिरका मारून थेट टोकाच्या रांगेत पोचतो. डाव खलास. लाल मणी जप्त. त्या पेटीत आता फक्त मारायच्या चालीचा मणी राहिला, म्हणजे ही चूक यंत्र जन्मात परत करणार नाही. कुणी त्याला समजावलं नाही, नियम लिहून दिला नाही. फक्त हरवणारी वाट बंद झाली.

या खेळात अचूक खेळलं तर दुसरी चाल करणारा नेहमी जिंकतो. त्यामुळं डाव वाढत गेले की काडेपेट्या मुलाला हरवायला लागतात, आणि शेवटी हरतच नाहीत. मुलांचा चेहरा बदलतो तो इथं. "बाबा, हिला कुणी सांगितलं?" हा प्रश्न आला की उत्तर देऊ नका. सगळ्या पेट्या उघडून समोर ठेवा आणि यंत्राची अक्कल नेमकी कुठं साठली आहे ते मुलालाच शोधू द्या.

इथं दोन प्रयोग नक्की करा. पहिला: दोन संच बनवा, एक ताईनं मन लावून खेळून शिकवायचा, दुसरा धाकट्यानं कशाही चाली करून. कच्च्या खेळाडूसमोर यंत्र चुकीच्या चालीनंही जिंकतं, त्यामुळं वाईट मणी तसेच राहतात. मग दोन्ही संच एकाच चांगल्या खेळाडूशी खेळवा आणि फरक बघा. यंत्राला शिकवणारा कोण होता यावर यंत्र ठरतं, हे मुलाला आयुष्यभर पुरेल. दुसरा: शिक्षेसोबत बक्षीसही द्या. जिंकलं की जिंकून देणाऱ्या चालींच्या रंगाचा आणखी एकेक मणी पेटीत टाका. मिची यांच्या यंत्रात जिंकल्यावर प्रत्येक चालीला तीन मणी वाढत, बरोबरीला एक वाढे आणि हरल्यावर एक कमी होई. कुठला संच लवकर शिकतो त्याचा तक्ता मुलाला वहीत ठेवू द्या. डाव क्रमांक आणि निकाल, दोनच रकाने.

मंडईतली जुडी: नऊ वर्षांच्या पुढं

आता लॅपटॉप उघडायचा. गुगलचं टीचेबल मशीन हे ब्राउझरमध्ये चालणारं मोफत साधन आहे. सध्याच्या रूपातली त्याची आवृत्ती २०१९ पासून उपलब्ध आहे. कॅमेऱ्यासमोर उदाहरणं दाखवायची, 'ट्रेन' (म्हणजे शिकव) हे बटण दाबायचं, आणि ते ओळखायला लागतं. शिकवण्याचं काम तुमच्याच लॅपटॉपवर होतं. तुम्ही स्वतः मॉडेल (उदाहरणांवरून शिकून तयार झालेला प्रोग्राम) अपलोड केलं नाही किंवा गुगल ड्राइव्हवर साठवलं नाही, तर फोटो बाहेर जात नाहीत. तरीही मुलांचे चेहरे यात वापरू नका. वस्तू वापरा, फार तर हात.

मुलाला घेऊन सकाळी आपल्या कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मंडईत जा. मेथी, कोथिंबीर आणि शेपू यांच्या दोन-दोन जुड्या घ्या, पण प्रत्येक भाजीची दुसरी जुडी वेगळ्या विक्रेत्याकडची. कारण पुढं येतंच.

घरी आल्यावर इमेज प्रोजेक्ट उघडा, तीन वर्ग, म्हणजे गट, करा आणि त्यांना भाज्यांची नावं द्या. पहिल्या फेरीत मुद्दाम असं करा: मेथीचे फोटो निळ्या चादरीवर, कोथिंबिरीचे स्टीलच्या ताटात, शेपूचे वर्तमानपत्रावर. प्रत्येकी शंभरेक फोटो पुरेत. बटण दाबून ठेवलं की ते भराभर निघतात. आतल्या प्रगत सेटिंगना हात लावू नका. ट्रेनिंग चालू असताना दुसऱ्या टॅबवर जाऊ नका, काम अडकतं.

तयार झालं की दाखवा. मेथीला मेथी म्हणतं, सगळे खूश. आता मेथी उचलून स्टीलच्या ताटात ठेवा. यंत्राची खात्री टक्क्यांत दाखवणारी पट्टी कोथिंबिरीकडं झुकताना दिसली की खेळ खरा सुरू झाला. नुसतं रिकामं ताट दाखवा. तरी 'कोथिंबीर' येतंय का बघा. यंत्र पान शिकलं की ताट? हा प्रश्न मुलाला विचारा आणि गप्प बसा. मुलं उत्तर शोधतात, फक्त आपल्याला धीर धरता आला पाहिजे.

दुरुस्तीही मुलानंच करायची. तिन्ही भाज्यांचे फोटो तिन्ही जागी काढायचे, जुडी फिरवत, जवळून, लांबून, ट्यूबलाइटखाली आणि खिडकीजवळ. पाणी मारलेली जुडी आणि जरा कोमेजलेली जुडी दोन्ही हव्यात. चौथा वर्ग वाढवायचा: 'काहीच नाही', म्हणजे नुसती चादर, नुसतं ताट, नुसता हात. हा वर्ग नसेल तर यंत्राला 'मला माहीत नाही' असं म्हणायची सोयच राहत नाही. समोर चप्पल धरली तरी ते तीन भाज्यांतच शंभर टक्के वाटून टाकतं, आणि कधी कधी ठणकावून मेथी म्हणतं. हे जरूर करून दाखवा. ठाम आवाजात आलेलं उत्तर बरोबर असतंच असं नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या मार्गानं पटवता येईल ते मला तरी माहीत नाही.

आता दुसऱ्या विक्रेत्याकडच्या, आतापर्यंत न दाखवलेल्या जुड्या काढा. खरी परीक्षा यांच्यावर घ्यायची. ज्या जुडीवर शिकवलं तिच्यावरच परीक्षा घेणं म्हणजे पेपर फोडून पास होणं. प्रत्येक भाजी दहा वेळा दाखवून किती वेळा बरोबर ओळखली ते मुलाला लिहू द्या.

एक गोष्ट मोठ्या मुलांना सांगण्यासारखी आहे: इतक्या थोड्या फोटोंत हे जमतं, कारण यंत्र कोरं नसतं. असंख्य चित्रांवर आधीच शिकवलेलं एक मॉडेल खाली असतं, आपण त्याला शेवटचा धडा तेवढा देतो. आणि प्रोजेक्ट संगणकावर उतरवून ठेवायला विसरू नका. टॅब बंद केला की सगळं जातं. भाजी मात्र संध्याकाळी कामी येते.

आवाज: 'हिकडं' आणि 'तिकडं'

याच साधनात आवाजाचाही प्रोजेक्ट आहे. आधी खोलीतला नुसता आवाज साधारण वीस सेकंद ध्वनिमुद्रित करून द्यावा लागतो: पंखा, रस्त्यावरचे हॉर्न. मग प्रत्येक शब्दाचे एकेक सेकंदाचे नमुने. किमान आठ लागतात, पण तीसेक घ्या. शब्द मुलानं ठरवावेत. 'चल', 'थांब', 'हिकडं', 'तिकडं' असे चार घेतले तर पुढं रोबो हलवायलाही उपयोगी पडतात.

बाजारातली बोलकी खेळणी बहुतेक इंग्रजीत, फार तर हिंदीत ऐकतात. आपल्या घरातल्या बोलीचा तिथं पत्ता नसतो. इथं यंत्र भाषा शिकत नाही, फक्त आवाजाचा आकार शिकतं. त्यामुळं कोल्हापुरी बोलीत शिकवलं तर कोल्हापुरीच कळतं. आपली बोली यंत्राला शिकवता येते हे बघून मुलांना होणारा आनंद मला फार महत्त्वाचा वाटतो.

मुलाच्या आवाजात शिकवून झालं की आजीला बोलवा. "आजी, 'थांब' म्हण की." बरेचदा यंत्र गडबडतं. आजी रागावण्याआधी मुलाला विचारा, चूक कुणाची? मग आजी, आजोबा, आत्या, सगळ्यांचे नमुने घेऊन परत शिकवा. मोठ्या मुलांना इथं एक खरी गोष्ट सांगा. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण फार तर ०.८ टक्के होतं. सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. आजीच्या 'थांब'चं जे झालं, त्याच जातीची ही गोष्ट. कुणाचे नमुने घेतले आणि कुणाचे राहून गेले, यावर सगळं ठरतं.

ओळखलं, पुढं काय?

स्क्रॅच, म्हणजे स्क्रीनवर ठोकळे जोडून प्रोग्राम करायची मुलांची भाषा, येणाऱ्या मुलांसाठी ही पायरी सोपी आहे. डेल लेन यांनी २०१७ मध्ये सुरू केलेलं मशीन लर्निंग फॉर किड्स, किंवा अहमदाबादच्या स्टेमपीडिया कंपनीचं पिक्टोब्लॉक्स यांत मुलानं शिकवलेलं मॉडेल स्क्रॅचसारख्या ठोकळ्यांत वापरता येतं. 'शेपू दिसला तर मांजर पळून जाईल' असं काहीही करू द्या. ज्यांना स्क्रॅच येत नाही त्यांनी आधी तिथं काही आठवडे घालवावेत, घाई नको.

मायक्रोबिट: इथं पहिल्यांदा पैसे खर्च करा

एवढं सगळं झाल्यावरही मूल 'पुढं काय' विचारत असेल तर मायक्रोबिट घ्या. बीबीसीनं २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांसाठी आणलेला हा तळहातापेक्षाही लहान बोर्ड आहे. त्यावर २५ छोटे दिवे, दोन बटणं आणि हालचाल मोजणारा सेन्सर असतो. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत माइक आणि स्पीकरही आहे. घेताना दुसरी आवृत्तीच मागा, आणि बॅटरीचा डबा सोबत आहे ना ते बघा. सध्या साधारण दीड ते अडीच हजारांत काम होतं.

आधी शाळेत चौकशी करा. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे शाळांतल्या प्रयोगशाळा, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असतात. आपल्या शाळेत ती असेल तर कपाटात असे बोर्ड असण्याची शक्यता आहे. कपाट उघडून मागायला लाजू नका.

मायक्रोबिटसाठी क्रिएटएआय हे मोफत साधन ब्राउझरमध्ये चालतं. बोर्ड अंगावर बांधायचा, हालचाल करायची, एकेक सेकंदाचे नमुने लॅपटॉपवर जातात आणि स्क्रीनवर तीन रंगांच्या रेषा हलताना दिसतात: मागं-पुढं, डावी-उजवी, वर-खाली. परदेशी पुस्तिकांत टाळ्या वाजवणं, हात हलवणं असली उदाहरणं असतात. आपण तालमीचं गाव. दंड, बैठक आणि लेझीम घ्या.

मूल बहुतेक वेळा घड्याळासारखा बोर्ड मनगटावर बांधतं. लेझीमला ते छान चालतं, रेषा झोके घेतात. बैठकही बरी ओळखली जाते, कारण हात वर-खाली होतात. पण दंड मारताना पंजे जमिनीवर टेकलेले असतात, मनगट जवळपास जागचं हलत नाही. रेषा सपाट. यंत्राला दंड आणि नुसतं ओणवं थांबणं यात फरकच सापडत नाही. मुलाला वाटतं मॉडेल बिघडलं, म्हणून ते आणखी नमुने देत सुटतं. त्याला थांबवा आणि रेषा बघायला लावा. मग बोर्ड कमरेच्या पट्ट्यात खोचून परत दंड मारायला सांगा. रेषांना लगेच आकार येतो. जी गोष्ट सेन्सरला दिसतच नाही ती कितीही उदाहरणं देऊन शिकवता येत नाही. उद्यमनगरातल्या कुठल्याही कारखान्यात सेन्सर लावणारा माणूस हेच सांगेल.

मग दोघा-तिघांचे नमुने घ्या, उंच आणि बुटक्या मुलांचे, सावकाश आणि जोरात मारणाऱ्यांचे. शेवटी ठोकळे जोडून दंड मोजणारा यांत्रिक वस्ताद तयार करा, प्रत्येक दंडाला स्पीकरवर एक टिक. तो आळशी दंडही मोजतो का, हे मुलं स्वतःच शोधून काढतात आणि त्यासाठी 'अर्धा दंड' असा नवा वर्ग करतात.

तयार खेळणं घ्यायचंच असेल तर

आजोबांनी वाढदिवसाला रोबो द्यायचा ठरवलाच आहे, तर एवढं बघा. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. खोक्यावर तो नसेल तर ठेवून द्या. बटण सेल असेल तर त्याचं झाकण स्क्रूनं बंद होणारं हवं. गिळलेला बटण सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो. घरात रांगतं बाळ असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्याच्या वर.

इंटरनेट बंद करून खेळणं चालतं का, हे दुकानातच विचारा. मॉक्सी नावाचा ७९९ डॉलरचा अमेरिकन रोबो मुलांचा सोबती म्हणून विकला गेला. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, आणि रोबो क्लाउडवर (इंटरनेटवरून जोडलेल्या दूरच्या संगणकांवर) अवलंबून असल्यानं तो मुका होणार हे मुलांना कसं सांगायचं, असा पेच पालकांपुढं उभा राहिला.

माइक आणि कॅमेरा असलेल्या खेळण्याचं आणखी कडक बघा. जर्मनीच्या नियामकानं फेब्रुवारी २०१७ मध्ये 'माय फ्रेंड केला' ही बोलकी बाहुली छुपं हेरगिरीचं साधन ठरवून तिच्यावर बंदी घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पर्ग या ग्राहक संघटनेनं एआय खेळणी तपासली. त्यातलं 'कुम्मा' हे टेडी अस्वल मुलांसमोर कधीच येऊ नयेत अशा विषयांवर बोलत होतं, आणि कंपनीला विक्री काही काळ थांबवावी लागली. आपल्याकडं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागेल असं म्हटलं आहे. म्हणून अ‍ॅप सुरू करताना मुलाची खोटी जन्मतारीख टाकून पुढं जाऊ नका. ते संरक्षण आपणच काढून घेतो.

अशा खेळण्याची जागा बैठकीच्या खोलीत ठेवा, झोपायच्या खोलीत नको. रात्री ते बंद करा. अकाउंट पालकाच्या ईमेलवर उघडा. मुलाचं खरं पूर्ण नाव, शाळा आणि पत्ता टाकू नका. आणि मूल मोठं झाल्यावर तो रोबो मावसभावाला किंवा दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल, तर आधी अ‍ॅपमधून आवाजाच्या नोंदी आणि अकाउंट पुसा, खेळणं फॅक्टरी रिसेट करा, वायफायचा पासवर्ड त्यातून गेलाय याची खात्री करा, मगच बॅटरी काढून खोक्यात घाला.